तपकिरी रंगाची पत्रिका

गेल्या दिवाळीत मामांच्या घशाखाली चकलीचा तुकडा अडकला. मामा पाणी प्यायले, उचकी लागली, आम्ही सगळे हसलो. पुढे भाकरी अडकू लागली, मग भात; आणि हसू थांबले. अन्ननलिकेची वाट बरीच आक्रसेपर्यंत घास तक्रार करीत नाही. वीस वर्षे मामांच्या छातीत जळजळ होई. खायचा सोडा घेऊन ते विषय संपवीत. जठरातले आम्ल सतत वर येत राहिले की नळीच्या खालच्या टोकाशी ज्या जातीच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्याच जातीचा निघाला.

तपासणीचा कागद घेऊन मामेभाऊ माझ्याकडे आला. मी मॅट्रिक झालेला मास्तर. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला सगळेच कळते, असा घरात एक गोड गैरसमज असतो. डॉक्टरांना विचारून मी समजून घेतले ते असे. गाठीच्या कणाचे केसाहून पातळ काप करतात आणि ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे द्रव्य त्यावर सोडतात. प्रथिन असले तर तेथे तपकिरी रंग उमटवता येतो. ‘हर-टू’ नावाच्या प्रथिनाला तर शून्यापासून तीनपर्यंत गुण देतात! तीन मिळाले, तर त्या प्रथिनावरच जाऊन बसणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध उपयोगी पडण्याची आशा असते. जठराच्या आणि जठर-अन्ननलिकेच्या सांध्याच्या, बळावलेल्या व हर-टू जास्त असलेल्या कर्करोगाच्या ५९४ रोग्यांवर झालेली एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधांवर निम्मे रोगी ११.१ महिन्यांपुढे जगले. हे औषध जोडल्यावर तो आकडा १३.८ झाला. एवढेच? असे तुम्ही म्हणाल. पण वाचकहो, पावणेतीन महिन्यांत एखादी दिवाळी बसते.

कागदावर दुसरीही एक ओळ होती : पी-५३. हे प्रथिन १९७९ साली सापडले. पेशी बिघडली की तिची वाढ रोखणारा हा राखणदार. तो स्वतःच बिघडला तर पुढचे दिवस वाईट, असे काही अभ्यास म्हणतात. काहींना तसे आढळत नाही. मामांचे उपचार मात्र त्या ओळीने बदलणार नव्हते. म्हणजे ही नुसती पत्रिका!

“कागदच लपवू या,” मामेभाऊ म्हणाला. मला ते पटले नाही. पहिली ओळ मामांच्या हक्काची होती. दुसरीपाशी मात्र मी घुटमळलो. एका मुलाला मी भर वर्गात म्हणालो होतो, “तू नापासच होणार.” तो झाला. माझ्या भाकितानेच त्याचा हात धरून त्याला तिकडे नेले, ही टोचणी अजून आहे. गाठीला भाकीत ऐकू येत नाही, हे खरे. पण सकाळी उठून पेज घ्यायची की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला येते. उलट, लपवावे तर त्या माणसाचा हिशेबाचा वेळ आपण चोरतो. अखेर मी ठरवले : न विचारता सांगायचे नाही, विचारल्यावर खोटे बोलायचे नाही.

मामांनी चष्मा लावून कागद पाहिला.

“यात मला गुण किती?”

“तीनपैकी तीन.”

“गणितात कधी मिळाले नाहीत!” ते हसले. मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “आणि हे?”

“हे शंभर माणसांविषयी आहे, मामा. त्यातले तुम्ही कोणते, ते यातून कळत नाही. सांगू?”

त्यांनी कागदाची घडी घातली. धाकट्या भावाशी ते कैक वर्षे बोलत नव्हते.

“आधी त्याला बोलावून घे,” ते म्हणाले, “मग सांग.”