एकोणऐंशी अंशांची भाबडी रेघ

केदारनाथ, कालेश्वरम, श्रीकालहस्ती, कांचीचे एकांबरेश्वर, तिरुवण्णामलै, चिदंबरम आणि रामेश्वर ही शिवमंदिरे ७९ अंश रेखांशावर एका सरळ रेषेत उभी आहेत, असा निरोप मोबाइलवर वारंवार फिरतो. उपग्रह नसताना पूर्वजांनी हे साधले कसे, असा सवाल शेवटी असतोच. पाठवणाऱ्यांत इंजिनिअर असतात, प्राध्यापकही असतात. नकाशा उघडण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही.

आपण उघडू. केदारनाथ आणि तिरुवण्णामलै ७९.०७ अंशांजवळ आहेत, रामेश्वर ७९.३ वर, चिदंबरम, कांची व कालहस्ती ७९.७ च्या आसपास, तर कालेश्वरम ७९.९ वर. पूर्व-पश्चिम पसारा भरतो सुमारे ९० किलोमीटर. याला रेघ म्हणत नाहीत, पट्टा म्हणतात. दशांश चिन्हापुढचे आकडे छाटले की सगळ्यांचे ७९ होतात, एवढाच चमत्कार. शिवाय हे ७९ मोजले ग्रिनिचपासून, आणि ग्रिनिचला शून्य मानायचे ठरले १८८४ साली. आपले जुने ज्योतिषी मध्यरेषा उज्जैनवरून नेत. तिथून मोजून तशीच छाटणी केली, तर कालेश्वरमला ४ मिळतात आणि बाकीच्यांना ३. यादीतल्या चार मंदिरांप्रमाणेच पंचमहाभूतांच्या क्षेत्रांत मोडणारे, जलतत्त्वाचे जंबुकेश्वर तर ७८.७ वर आहे. त्याला कुठे यादीतून गाळतात, कुठे खुशाल ७९ च्या रांगेत बसवतात.

गंमत म्हणजे, याहून काटेकोर जुळणी आपल्या घरात आहे. त्र्यंबकेश्वर आणि भीमाशंकर दोन्ही ७३.५३ अंशांच्या आसपास आहेत. पूर्व-पश्चिम फरक फार तर किलोमीटरभर. पण दोन्ही क्षेत्रे नद्यांच्या उगमांशी आहेत आणि सह्याद्रीचा माथा इथे साधारण उत्तर-दक्षिण धावतो. जुळणी डोंगराने केली आहे.

पुरातत्त्वात जीआयएस, म्हणजे संगणकावरची नकाशाप्रणाली, वापरणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असायला हवा: हे आपोआप घडले असते का? संगणकाला सांगायचे, त्याच प्रदेशात तितकेच बिंदू मन मानेल तिथे टाक, आणि हजार वेळा टाक. त्यांतही असे पट्टे सहज उमटले तर आपल्या पट्ट्यात विशेष काही नाही. इथे तर देशातल्या हजारो शिवमंदिरांतून सोयीची सात उचलली आहेत. इतक्या मोकळ्या निवडीत कोणताही आकार सापडेल.

श्रद्धेच्या गोष्टीला मोजपट्टी कशाला, असे कोणी विचारील. देवळात जाऊन हात जोडणाऱ्याला ती कोणीच लावत नाही. पण अंशांची भाषा निरोपानेच काढली. विज्ञानाचा मान हवा आणि विज्ञानाची तपासणी नको, हा दुटप्पीपणा झाला. यात कोणाचे काय बिघडते, हा दुसरा आक्षेप. बिघडते ते त्या मंदिरांच्या खऱ्या कारागिरांचे. दगड कुठून आणला, पाया कसा धरला, खर्च कोणी केला, हे प्रश्न कोणाला सुचतच नाहीत, कारण सगळे श्रेय एका काल्पनिक रेघेला जाते.

हाच नियम अभ्यासकांनाही लागू. लेणी व्यापारी मार्गांवर खोदली गेली, हे आपण पाठ केलेले वाक्य. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि नाणेघाटाची जुनी व्यापारी वाट जवळ आहे, म्हणून ते पटते. पण लेण्याला उभा कातळ लागतो, आणि घाटाच्या वाटाही कातळाच्या कडेनेच फुटतात. तेव्हा जवळीक व्यापाराची की खडकाची? लेणी नसलेले तसेच कडे निवडून त्यांचे वाटेपासूनचे अंतर मोजल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. वाटही संगणक सांगेल ती घ्यायची नाही. कमीत कमी श्रमाचा मार्ग काढताना बहुतेक वेळा माणसाच्या चालीचे गणित वापरतात. माणूस जो चढ धापा टाकत चढून जातो, त्यावर पाठीवर गोण्या लादलेला बैल अडतो. बैलाची वाट काढायची तर चढाची मर्यादा वेगळी धरावी लागेल आणि वाटेतल्या पाण्याच्या जागाही हिशोबात घ्याव्या लागतील.

हिशोब खडकाच्या बाजूने निघाला, तरी जुन्नरच्या लेण्यांतले दानलेख पुसले जात नाहीत. कासारांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणींची, म्हणजे व्यवसायसंघांची, नावे तिथे कोरलेली आहेत. मग शोधायचे उरते ते हे, की या लोकांच्या वस्त्या त्या लेण्यांपासून किती चालीवर होत्या.