खंड्याची उत्तरक्रिया

माणूस गेला की काय करायचं, हे सांगायला माणसं असतात. बांबू कुठे मिळतात, मडकं कोणी धरायचं, गुरुजींना फोन केव्हा करायचा, हे सगळं तोंडपाठ असलेला एक गृहस्थ प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतोच. आपण नुसतं भिंतीला टेकून बसायचं. पण कुत्रा गेला की हाच गृहस्थ दार किलकिलं करून "अरेरे!" म्हणतो आणि दार लावून घेतो.

आमचा खंड्या गेल्या आषाढात रात्री अकराला गेला. तो घरात यायला माझा सक्त विरोध होता, हे आधीच सांगून ठेवतो. (आमच्या घरात प्रत्येक गोष्ट माझ्या सक्त विरोधानंतरच येते.) नाव सासऱ्यांनी ठेवलं. ते साताऱ्याचे. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे, हे ते मला लग्नाच्या मांडवापासून ऐकवत आले होते. आमच्या खंड्याने वाघ वगैरे काही मारला नाही. चौदा वर्षांत एकदा इस्त्रीवाल्याचा लेंगा फाडला, तेवढाच पराक्रम.

आता त्याचं करायचं काय? गावाकडे परसात खड्डा खणतात. आमच्या फ्लॅटचं परस म्हणजे वॉशिंग मशीन ठेवलेली बाल्कनी! त्याला जुन्या चादरीत गुंडाळलं, शेजारून मागून आणलेला बर्फ पिशव्यांत भरून भोवती लावला आणि मुलगी मोबाइल घेऊन बसली.

चौकशीअंती कळलं की सोयी आहेत. महापालिकेने २०२३ साली मालाडला प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली आहे. तिथे पैसे पडत नाहीत, डॉक्टरांचा दाखला न्यावा लागतो. परळच्या बैलघोडा इस्पितळातही दहनाची सोय आहे. शिवाय खाजगी मंडळी आहेत, ती गाडी घेऊन दारात येतात. त्यांतल्या एकांना मी फोन लावला.

"साहेब, कॉमन की इंडिव्हिज्युअल?"

मला वाटलं, मी चुकून लॉजला फोन केला. गृहस्थांनी शांतपणे समजावलं. कॉमनमध्ये चार-पाच जणांना एकत्र, अस्थी मिळत नाहीत. इंडिव्हिज्युअलमध्ये एकट्याला, अस्थी कलशातून घरपोच. कलश मातीचा, लाकडी किंवा पितळी. पंजाचा ठसा घ्यायचा असल्यास त्याचे वेगळे.

"इंडिव्हिज्युअल," मी म्हणालो. "कलश पितळी. ठसाही घ्या."

ही माझ्याकडे बघतच राहिली. भाजीत चार रुपयांसाठी घासाघीस करणारा नवरा तिला ओळखता येईना.

"अहो, मामंजींच्या वेळी गुरुजींनी विचारलं, गोदान प्रत्यक्ष की प्रतीकात्मक? तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"प्रतीकात्मक."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर मला ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी खंड्या पाणी फार पिऊ लागला होता. डॉक्टर म्हणाले, किडनीसाठी रक्त तपासू, सोनोग्राफी करू. मी म्हटलं, "वय झालंय हो त्याचं. कुत्र्याला कसली सोनोग्राफी!" वाचवले तेव्हा. तेच पैसे आता व्याजासकट पितळी कलशात घालायला निघालो होतो. कलश खंड्यासाठी नव्हताच. तो माझ्यासाठी होता. शोकेसमध्ये ठेवून रोज बघायचा आणि म्हणायचं, केलं की आपण सगळं!

कुत्र्याच्या बाबतीत आपल्याकडे अधिकारी पुरुष एकच, धर्मराज. कुत्र्याला सोडून तो स्वर्गात जाईना, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्यात इंद्राने टाकलेला एक बिनतोड प्रश्न मात्र विसरतो. बायको आणि चार भाऊ वाटेत टाकून आलास, मग कुत्र्यावरच एवढा जीव का? धर्मराजाचं उत्तर असं की ती मेली होती. मेलेल्यांशी सख्यही नाही, वैरही नाही, त्यांना मी उठवू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा कुत्रा जिवंत आहे.

म्हणजे परीक्षा जिवंतपणीच घेतात. माझा पेपर चार महिन्यांपूर्वीच झाला होता. आता पुरवणी जोडून उपयोग नव्हता.

मग मेलेल्याचं काही देणंच नसतं का? असतं. त्याला कचऱ्याच्या गाडीत टाकायचं नसतं. नीट गुंडाळायचं, आपल्या हातांनी उचलायचं, शेवटपर्यंत बरोबर जायचं. एवढं देणं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पुढचं सगळं आपल्या समाधानाचं. ते घेऊ नये असं नाही, पण कोणासाठी घेतोय हे माहीत असावं.

पुन्हा फोन करून मी नको म्हणून सांगितलं. सकाळी डॉक्टरांचा दाखला घेतला आणि त्याला मालाडला नेलं. टॅक्सीवाल्याने आधी नाक मुरडलं. मग उतरताना चादरीचं एक टोक धरायला स्वतःच पुढे आला.

वाचलेल्या पैशांतून मी बिल्डिंगखालच्या काळीला डॉक्टरकडे नेलं. तिचंही वय झालंय.

"हेही पापक्षालनच ना?" हिने विचारलं.

"हो. पण ह्यात इंजेक्शन निदान कुत्र्याला मिळतं!"

काळीची तब्येत ठणठणीत निघाली. फक्त सुई टोचवून आणल्यापासून ती मला बघून गुरगुरते. बिल्डिंगमध्ये एवढी माणसं आहेत, पण गुरगुरते फक्त माझ्यावर. चौदा वर्षं दारात शेपटी हलवून घेतली, त्याची परतफेड चालली आहे असं समजतो आणि भिंतीच्या कडेने घरी येतो.