शिखर आणि वाट

कोहमारा हे चार दिशांचे नाके आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी ६ होता व आता ५३ आहे, येथून पूर्व-पश्चिम जातो. आणि गोंदियाहून आलेला रस्ता त्यास छेदून दक्षिणेस नवेगावबांधकडे निघून जातो. या परिसरात धानाच्या बांध्यांपलीकडे झाडीने झाकलेल्या लहान लहान टेकड्या उभ्या दिसतात. त्या फार उंच नाहीत, आणि म्हणूनच पाहणाऱ्याच्या मनात सहज येते की, वर जाऊन यावे. वाट नसेल तर आपण पाडावी. ही इच्छा निष्पाप वाटते. परंतु ज्या शिखरास वाट दिसत नाही तेथे झाडी तोडीत चढणे हे तप आहे, हौस आहे की अपराध, याचा विचार प्रत्येक यात्रेकरूने एकदा तरी करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तरुणपणी मी अशीच एक टेकडी चढलो होतो. पावसाळा नुकताच सरला होता. आम्ही दोघे मित्र हाती कोयता घेऊन निघालो. खाली बांबूची दाटी, मध्ये चिलाटीचे काटे, वर निसरडा मुरूम. अंग ओरबाडून निघाले, तरी मनात अभिमान मावत नव्हता. माथ्यावर पोहोचलो तेव्हा तेथे शेंदूर लावलेला एक दगड होता व त्यापुढे वाळलेली फुले होती. म्हणजे आमच्या आधी कोणी नित्य येत होते. उतरल्यावर एका वृद्ध गुराख्यास विचारले असता तो शांतपणे म्हणाला, “वाट होतीच जी. तुमी इचारलंच नाही.”

पुढल्या वर्षी पुन्हा गेलो. आम्ही तोडलेल्या जागी पावसाचे पाणी धावून खोल ओघळ पडला होता. त्याच ओघळाने आणखी काही जण चढून गेले होते आणि त्यांनी टाकलेल्या पिशव्या काट्यांत अडकल्या होत्या. आमची चूक एका दिवसाची होती. तिचे फळ मात्र टेकडी भोगीत होती. कर्म करून आपण निघून जातो, कर्म तेथेच राहते, हे मला ग्रंथाआधी त्या ओघळाने शिकविले.

कोणी म्हणेल, कष्टाविना साधना कशी? देहूजवळच्या भंडारा व भामचंद्र या डोंगरांवर तुकोबाराय एकांतासाठी जात असत, हे सर्वश्रुत आहे. हे खरेच आहे. परंतु तेथे जाण्याचा हेतू स्वतःस विसरण्याचा होता. आपण झाडी तोडीत चढतो तेव्हा पुष्कळदा ‘मी पोहोचलो’ हे सांगण्यासाठी चढतो. देहाचे कष्ट दोन्हीकडे सारखेच असतील. फरक आहे तो अहंकार वाटेत गळून पडतो की माथ्यावर जाऊन अधिक पुष्ट होतो, यात.

शिवाय अरण्य निर्जन नसते. चैत्रात मोहाची फुले गळू लागली की, पहाटे गावातील माणसे टोपल्या घेऊन ती वेचावयास जातात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या तोडणीवर कित्येक घरांचा वर्षाचा आधार असतो. एकीकडे नवेगाव, दुसरीकडे नागझिरा. २०१३ साली ही वने मिळून व्याघ्र प्रकल्प घोषित झाला, आणि ज्या महामार्गाने आपण येथे आलो तो याच दोन वनांच्या मधून जातो. आपली वाट सुकर व्हावी म्हणून वन्य जीवांची वाट आधीच तुटली आहे. उरलेल्या झाडीत आणखी एक वाट पाडण्यापूर्वी हे स्मरावे. संरक्षित वनात विनापरवाना शिरण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे. पण कायदा नसता तरी धर्म होताच.

मग पायऱ्या व रस्ते बांधणे चुकीचे काय? तसे मुळीच नाही. वृद्धांस व अपंगांस दर्शन घडविणे ही मोठी सेवा आहे. वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ पासून रोपवे चालू आहे. गुडघे थकलेल्या कितीतरी माउली त्यामुळे वर पोहोचतात. एक पक्की, सर्वांची वाट असली की शंभर आडवाटा वाचतात. म्हणून दात्यांनी दान देताना इतकेच पाहावे की, ही वाट कोणाच्या गरजेची आहे, आणि ती झाल्यावर पाणी, माती व झाडे यांचे काय होणार आहे. जेथे वाट आहे तेथे ती राखण्याचे दान नवी वाट पाडण्याच्या दानाहून उणे नाही.

या परिसरातच एक थोर उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी नवेगावचा विशाल तलाव बांधला. भोवतीच्या सात शिखरांस लोक ‘सात बहिणी’ म्हणतात; तलाव बांधण्यास त्यांनी साहाय्य केले अशी श्रद्धा आहे. पुढे कोलू पाटलांसच लोकांनी कोलासुर देव मानले आणि त्यांचे ठाणे त्यांपैकी एका शिखरावर झाले. शिखरावर अक्षय स्थान मिळाले ते खालच्या शेतांना पाणी देणाऱ्यास.

दूरचे एक उदाहरणही सांगण्याजोगे आहे. ८५८६ मीटर उंचीचे कांचनगंगा शिखर सिक्कीमच्या लोकांस पूज्य आहे. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन व जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक प्रथम तेथे पोहोचले आणि दिलेल्या वचनास जागून माथ्याच्या काही पावले खालीच थांबले. ती काही पावले त्यांनी टाकली नाहीत, म्हणून त्यांची चढाई अपुरी ठरली काय? उलट ती न टाकलेली पावलेच आज आदराने स्मरली जातात.

आणि आपल्या पंढरीत तर संत नामदेवांनी पायरीच मागून घेतली. गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही असा वारकरी कळसास हात जोडतो व तृप्त मनाने परततो. दूरवरून घेतलेले दर्शनही पूर्ण दर्शन आहे, ही आपली जुनी शिकवण आहे.

तेव्हा भाविकहो, टेकडी अवश्य चढावी. पण आधी गावात विचारावे. असलेल्या वाटेनेच जावे. कोयता घरी ठेवावा, नेलेले सर्व परत आणावे. आणि वाट जेथे संपते तेथे थांबून, वरच्या हिरव्या माथ्यास हात जोडावेत.