अ ला लागलेली वेलांटी

श्वास संथ होऊ द्या. मनात एकच अक्षर आणा: अ. आता त्याला वेलांटी द्या. अि. ओळखीचा 'इ' समजून लगेच पुढे जाऊ नका. जरा वेळ याच्याकडेच पाहत राहा.

वर्ध्याच्या जुन्या पुस्तकांत हे अक्षर भेटतं. १९३६ साली इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. काका कालेलकरांनी लिपिसुधारणेचा आग्रह धरला होता. धाम नदीकाठी, पवनारला, विनोबांनी लोकनागरी या सुधारित लिपीचा ध्यास घेतला. तिकडे सावरकरही अ च्या बाराखडीचाच पुरस्कार करत होते. इतक्या वेगळ्या वाटांची माणसं एका अक्षरापाशी एकत्र आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांना काय दिसलं असेल, त्यावर मन ठेवा. आ, ओ, औ आपण अ ला काना-मात्रा देऊनच लिहितो. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांनाच निराळी रूपं कशाला? खिळे जुळवणाऱ्याच्या खणातली सहा अक्षरं कमी होतील, पाटी हाती घेतलेल्या प्रौढाचीही सहा कमी होतील. या विचारात शिकणाऱ्याविषयी केवढी माया आहे!

आता बोटं कळफलकावर आणा. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून डी दाबा: अ. शिफ्ट सोडा, एफ दाबा. वेलांटी अ च्या डावीकडे जाऊन बसली. पण ते फक्त डोळ्यांसाठी. साठवणीत आधी अ आहे, युनिकोडमधला ०९०५. वेलांटी, म्हणजे ०९३एफ, त्याच्या मागून येते. तीच एफची कळ शिफ्टसह दाबलीत तर इ उमटतो, ०९०७. एका कळीवर राहणारे हे दोघे संगणकाला मात्र एकमेकांचे कोणी लागत नाहीत. 'इतिहास' शोधलात, तर 'अितिहास' सापडेलच असं नाही.

इथे आणखी थोडं थांबा. आ हा संगणकाच्या लेखी एकसंध आहे, ०९०६. अ आणि काना वेगवेगळे टंकले तर आकृती तीच दिसू शकते, पण युनिकोड तसं करू नका म्हणतं, आणि पुष्कळ ठिकाणी मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. अ वर चंद्र असलेल्या ॲ ला २००८ साली ०९७२ ही स्वतःची जागा मिळाली. अि ला तशी जागा नाही; तो कायम दोन चिन्हांचाच.

जुनं पुस्तक संगणकावर उतरवताना म्हणून मोह होतो: सगळे अि बदलून इ करून टाकावेत. करू नये, असं मला ठामपणे वाटतं. ज्यांनी ओळीओळीत एक विचार छापला, त्यांचा तो विचार आपण परस्पर पुसू नये. अडचण शोधण्याची आहे, तर शोधणाऱ्या आज्ञावलीला शिकवावं. त्यासाठी सहा जोड्या पुरतात. एकेक सावकाश टंकून पाहा: अि आणि इ, अी आणि ई, अु आणि उ, अू आणि ऊ, अे आणि ए, अै आणि ऐ.