श्रद्धेची नोंद केस पेपरवर

गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात कर्करोगाची शुश्रूषा म्हणजे थोडे दिवस दवाखाना आणि बाकी सगळे घर. उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठायचे, नाहीतर बार्शी. केमो घेऊन माणूस परतला की पुढच्या डोसापर्यंत उलट्या, ताप आणि तोंडातले फोड सांभाळते ती बायको, सून किंवा लेक. या घरात श्रद्धा आधीच नांदत असते: माळ, गंडा, एकादशी, रोजा, नवस. त्यामुळे शुश्रूषेत धर्मश्रद्धेला जागा द्यावी का, हा प्रश्नच फसवा आहे. ती तिथे असतेच. दवाखान्यातल्या सिस्टरला ती ठाऊक असते का, एवढेच विचारायचे. औषधाची ॲलर्जी नोंदवतात तशी रुग्णाची श्रद्धा केस पेपरवर नोंदवावी, असे माझे म्हणणे आहे.

याचे कारण अगदी ऐहिक आहे. ताकदीसाठी अंडी खा, असे माळकऱ्याला सांगितले तर तो मान हलवतो आणि घरी जाऊन काहीच बदलत नाही. त्याला दूध, डाळी, शेंगदाणे सांगायला हवेत. रेडिएशन चालू असलेल्या कातडीवर अंगारा किंवा हळद चोळली, तर आधीच भाजल्यागत झालेली जागा आणखी चिघळू शकते. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना घरात भजनाची गर्दी झाली, तर संसर्गाची भीती. भजन मात्र ओट्यावर बसून होऊ शकते. वेदनेची गोष्ट याहून अवघड. दुखणे हा मागल्या जन्मीचा भोग आहे आणि तो भोगूनच संपवायचा, असे मानणारा रुग्ण मॉर्फिनची गोळी उशाखाली ठेवून देईल आणि विचारल्यावर ‘बरं आहे’ म्हणेल. तक्त्यावर वेदना कमी दिसेल, अंगात तेवढीच राहील. नर्स म्हणून सुरुवात केलेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांचे शुश्रूषागृह, उघडले. शरीर, मन, नाती आणि अध्यात्म यांचे दुखणे एकमेकांत गुंतलेले असते, हे त्यांचे म्हणणे अशा रुग्णापाशी पटते. मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालेल्या शांती अवेदना सदनात तर शुश्रूषा ख्रिस्ती जोगिणीच (नन) करतात.

यावर विवेकवादी म्हणेल, ही अंधश्रद्धेला मागल्या दाराने दिलेली मान्यता झाली. आक्षेप हलका नाही. प्रार्थनेने आजार बरा होतो, असे मी म्हणत नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील अमेरिकेतल्या 2006 च्या मोठ्या प्रयोगात इतरांनी केलेल्या प्रार्थनेचा काही उपयोग दिसला नाही. इतकेच काय, 2009 मध्ये तिथल्याच एका अभ्यासात देवावर भिस्त ठेवणाऱ्या कर्करुग्णांच्या शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारखे उपचार अधिक झालेले आढळले. श्रद्धा शांतपणे मरू देते, ही आपली गोड समजूत तिथे अडखळते. पण त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी दाखवले, की डॉक्टर-नर्सनी रुग्णाच्या आध्यात्मिक गरजेची दखल घेतली असेल तिथे हॉस्पिसकडे वळणारे जास्त होते. अमेरिकेतले निष्कर्ष मराठवाड्याला जसेच्या तसे लागू होतील असे नाही, पण दिशा ओळखीची आहे. ज्याच्या गंड्याला सिस्टर हसली, तो भगताने दिलेला पाला तिच्यापासून लपवतो, आणि मग कावीळ कशाने झाली ते कळायला उशीर होतो. गोळ्या बंद करायला लावणारा भगत मात्र वेगळा. तिथे अदब नको, सरळ विरोध हवा.

दुसरी भीती रास्तच आहे, की सिस्टर आपला देव रुग्णाच्या गळ्यात बांधेल. म्हणूनच नोंद रुग्णाच्या श्रद्धेची, सिस्टरच्या नव्हे. आणि ज्याला देव नको त्याचा नकारही तितक्याच अदबीने लिहायचा. राहिला वेळेचा प्रश्न. भरलेल्या वॉर्डात सिस्टरला श्वास घ्यायला फुरसत नसते हे खरे, पण उपास धरता का, अंगाला काही लावता का, दुखणे सोसायचेच असे वाटते का, हे विचारायला इंजेक्शन भरण्याइतकाच वेळ लागतो. हेच प्रश्न सोबत आलेल्या सुनेलाही विचारावेत, कारण गोळी उशाखाली जाते की पोटात, हे तिलाच माहीत असते.