काहीतरी आलंय म्हणजे काय आलंय?

“सर, स्क्रीनवर काहीतरी आलंय.” काय आलंय? “माहीत नाही, मी ओके करून टाकलं.”

करून टाकलंत? न वाचता? सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली बारीक नोंद तुमच्या नजरेतून सुटत नाही. किराणा बिलात तूरडाळ दोनदा लागली तर दुकानदाराला तिथल्या तिथे धरता. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त तर असं तपासता, की सेक्रेटरीला घाम फुटतो. आणि कॉम्प्युटरने दोन ओळींची चौकट दाखवली की तुम्ही एकदम निरक्षर! इंग्रजीत असतं, ही सबब मला सांगू नका. नोकरीत आयुष्यभर इंग्रजी फायली उपसल्यात, विम्याचे फॉर्म इंग्रजीत भरलेत. तुम्हाला येत नाही असं काही नाही. न येण्यात तुमची सोय आहे. ‘आपल्याला बुवा त्यातलं काही कळत नाही’ म्हटलं, की काम आपोआप दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. आणि हे वाक्य म्हणताना लाज तर सोडाच, वर ऐट असते.

बँकेचं स्टेटमेंट मेलने येतं. पीडीएफ पासवर्ड मागते. लगेच भाच्याला फोन. अहो, पासवर्ड कसा बनवायचा ते बहुतेक बँका त्याच मेलमध्ये लिहितात! ई-आधारचंही तेच: नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल. कितीदा सांगायचं? भाचा इंजिनिअर झाला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, तरी तुमचा पासवर्ड अजून त्याच्याच डोक्यात.

उजव्या कोपऱ्यात सारखी पाटी उगवते, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’. घाबरून तुम्ही तिच्यावर क्लिक करता. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. कधीतरी कुठल्याशा साइटने विचारलं होतं, ‘नोटिफिकेशन दाखवू का?’, आणि तुम्ही ‘अलाउ’ दाबून मोकळे झालात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे तुम्ही आवतण दिलेल्यांची यादी सापडेल. ओळखीची नसेल ती साइट काढून टाका. आणि दरवर्षी कोणी गळी उतरवलं म्हणून अँटिव्हायरसचे पैसे भरता, त्याआधी एवढं तरी विचारायचं होतंत: विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मुळातच असतो, फुकट.

“बिघडेल म्हणून मी सेटिंगला हात लावत नाही.” वा! सेटिंग उघडायला भीती वाटते. पण बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या अनोळखी माणसाने फोनवर सांगितलं, की स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप निमूट उतरवून घेता आणि नऊ आकडी कोड वाचून दाखवता. तेव्हा कुठे जाते ती भीती? कोणतीही बँक तुमची स्क्रीन बघायला मागत नाही. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर त्याच क्षणी कळवा. ‘उद्या शाखेत जाऊन बघू’ म्हणत रात्र घालवू नका. आणि बिघडण्याचं म्हणाल, तर लिहिताना, फाइल हलवताना, नाव बदलताना हात चुकला की कंट्रोल आणि झेड दाबा, मागचं परत येतं. ही सोय वर्षानुवर्षं तुमच्या बोटांखाली आहे.

कॉम्प्युटर स्लो झालाय म्हणे. नवा घ्यायचाय. शेवटचा रीस्टार्ट कधी केलात? “मी तर रोज रात्री बंद करतो!” इथेच गोम आहे. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक मशीनवर ती चालूच असते. ‘शट डाउन’ म्हटलंत की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. गाभ्यात काही अडकलं असेल तर तेही बरोबर येतं. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि ‘अप टाइम’ वाचा. पहिला आकडा दिवसांचा. रोज बंद करणाऱ्यांकडेही तिथे आठवडे निघतात. मग तिथेच ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ उघडा. कॉम्प्युटर सुरू होताच कोण कोण आत घुसतंय ते दिसेल. कधीकाळी एकदा वापरलेलं मीटिंगचं अ‍ॅप, विकून टाकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर. ‘डिसेबल’ करा. नाचता येईना म्हणून नवं अंगण विकत घेऊ नका.

एररचा मोबाइलने फोटो काढून मला पाठवता. त्यात ट्यूबलाइट दिसते, तुमचा अंगठा दिसतो, एरर दिसत नाही. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबा, हवा तेवढाच तुकडा पकडा. विंडोज आणि व्ही दाबा, पहिल्या खेपेला ‘टर्न ऑन’ म्हणा. पुढे कॉपी केलेल्या मागच्या 25 गोष्टी हाताशी राहतात. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टीने परत येतो. लाइट गेली आणि वर्डमधलं पत्र उडालं म्हणून कपाळ बडवण्याआधी फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स बघा. वर्ड दर 10 मिनिटांनी तुमच्या नकळत प्रत ठेवत असतो. हे सगळं मी आधीही सांगितलंय. वहीत लिहूनही घेतलंत. वही कुठे आहे?

आणि अजून मराठी पत्र इंग्रजी अक्षरांत? ‘कळावे, लोभ असावा’ रोमन लिपीत वाचताना कसं दिसतं, बघितलंत कधी? किंवा अजून तोच जुना फॉन्ट, जो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसता चिन्हांचा उकिरडा! 2019 पासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, तो कीबोर्ड निवडा, विंडोज आणि स्पेसबारने अदलाबदल करा. इंग्रजी अक्षरांत जे टाइप करता तेच देवनागरीत उमटतं. विकत काही घ्यायचं नाही.

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सूचना आल्या नव्हत्या? आल्या. तुम्ही ‘नंतर आठवण करा’ दाबत राहिलात. घरच्या वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ ठेवली होती, पण तिलाही नाव नोंदवावं लागतं. म्हणजे पुन्हा वाचणं आलं.

आता सगळ्यात मोठं पाप. बॅकअप. “फोटो गुगलवर आहेत ना?” आहेत. पण गुगल फोटोजच्या अ‍ॅपमध्ये डिलीट केलात की तो फोनवरूनही जातो आणि गुगलवरूनही. 60 दिवस ट्रॅशमध्ये राहील, नंतर कायमचा गेला. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते म्हणजे दोन प्रती झाल्या, हे कोणी सांगितलं तुम्हाला? “पेन ड्राइव्हवर आहे ना?” त्यावरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. आईवडिलांचा एकुलता एक फोटो, घराच्या खरेदीखताचं स्कॅन, मुलीच्या बारशाचा व्हिडिओ, सगळं एका जुन्या हार्ड डिस्कच्या भरवशावर. ती कधी बसेल हे ती आधी कळवत नाही. मग डेटा काढून देणाऱ्याकडे धावाल, तो सांगेल ती किंमत द्याल आणि तरी सगळं मिळेलच असं नाही.

जागतिक बॅकअप दिन 31 मार्चला असतो. त्या दिवशी तुम्ही पैन् पैचा हिशेब बंद करता, कर वाचवणारी शेवटची पावती शोधता. त्यात अर्धा तास फोटोंसाठी निघत नाही?

बाहेरची हार्ड डिस्क घेतली होतीत ना? सेलमध्ये, स्वस्त मिळाली म्हणून. अजून खोक्यातच आहे, मला माहीत आहे. काढा ती. लावा. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे दोन फोल्डर कॉपी करा. झालं की उपटून कपाटात ठेवा, लावून ठेवू नका. हे आज करायचंय. उद्याचं काही मला सांगू नका.