बाहेर कोणी जायचं?

'बाईपण भारी देवा' खामगावात लागला, तेव्हा आमचं पोरगं सात महिन्यांचं होतं. जुलै २०२३. त्या सात महिन्यांत बायको दवाखाना, लसीकरण आणि एक बारसं (दुसऱ्याच्या बाळाचं) एवढ्याच कारणांनी घराबाहेर पडली होती. तिच्या मैत्रिणी घोळक्याने सिनेमा पाहून आल्या होत्या, व्हॉट्सॲपवर नऊवारीतले फोटो पडत होते. मीच म्हणालो, त्याला घेऊन जाऊ, झोपेल तो.

इंटरव्हलपर्यंत झोपलाही. मग तिने त्याला पाजलं. पडद्यावर सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या तयारीला लागल्या आणि याने सूर लावला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मागून आवाज आला, "लेकरू रडून राह्यलं तं बाहेर घेऊन जा नं बाप्पा!"

बायको उठली. पिशवी, दुपटं, बाळ. मी पाय आखडून तिला वाट करून दिली.

तेव्हा मला राग आला तो मागच्या माणसाचा. घरी येईपर्यंत तो ओसरला, कारण कॉलेजात असताना तो माणूस मीच होतो. हॉस्टेलवरून पैसे जमवून सिनेमाला जायचो आणि कुणाचं पोर रडलं की आम्ही चौघं "शूऽऽ" करायचो. त्याचंही बरोबरच होतं. तिकीट त्यानेही काढलं होतं. आठवड्यातून एक सुट्टी मिळणाऱ्या माणसाने ती माझ्या पोराच्या रडण्यात का घालवावी? रडण्यात बाळाचा दोष नाही, तसा ऐकणाऱ्याचाही नाही.

आईला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. 'माहेरची साडी' १९९१चा. आमच्याकडे पोचला तेव्हा ताई चार महिन्यांची होती. "आम्ही आळीतल्या सात-आठ जणी गेलो होतो, सगळ्यायच्या काखेत लेकरं." लोक ओरडले नाहीत का, विचारलं. "कोण ओरडते? हॉलमंदी सगळ्या बायाच रडत होत्या. लेकराचं रडणं कोणाले ऐकू येते?"

मला हे पटलं. थिएटरात शांतता असावी हा काही निसर्गनियम नाही, त्या त्या हॉलमधल्या लोकांनी आपसात ठरवलेली गोष्ट आहे. २०१६ला 'सैराट'मध्ये 'झिंगाट' लागलं की लोक खुर्च्यांवर चढून नाचले, त्याला कुणी व्यत्यय म्हटलं नाही. उलट त्याच्या बातम्या झाल्या. शिट्टी चालते, नाचणं चालतं, फोनवर "हॉलमधी हाओ, बोल" हेही चालतं. सात महिन्यांच्या पोराचा आवाज तेवढा चालत नाही.

पण आईच्या गोष्टीत एक जण मोजलाच जात नाही. ताई. तिला कुणी विचारलं होतं? माझ्या पोरालाही मी विचारलं नव्हतं, आणि तो रडत का होता, हे मी घरी आल्यावर शोधलं. ठरलेल्या मापाने लावलेल्या थिएटरात एकेका स्पीकरचा आवाज क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकेत कारखान्यातल्या कामगारांसाठी एक ठोकताळा आहे: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी. म्हणजे ९४ला एकच तास. हे मोठ्या माणसांचं. बाळाच्या कानाची नळी अरुंद आणि आखूड, त्यामुळे वरच्या पट्टीतले आवाज त्याच्या पडद्यापाशी आणखी जोरात पोचतात. सिनेमाभर तसा आवाज नसतो हे खरं. पण माझ्याकडे मापक नव्हता आणि त्याच्याकडे शब्द नव्हते. मागच्या माणसाने आपली तक्रार मराठीत केली. पोराने त्याला जमेल तशी केली.

केरळात यावर एक तोड काढली आहे. तिथल्या सरकारी चित्रपट महामंडळाने २०२२मध्ये तिरुवनंतपुरमच्या आपल्या थिएटरात 'क्राय रूम' केली: आवाज बाहेर न जाऊ देणारी काचेची खोली, आत पाळणा, डायपर बदलायची सोय, आणि काचेतून सिनेमा दिसतो. फोटो पाहून मी खूश झालो, बायकोला फॉरवर्ड केला. तिचं उत्तर आलं: "आत कोण बसणार?"

यावर मी काही लिहिलं नाही. कारण त्या दिवशी मागचा माणूस नुसतं 'बाहेर घेऊन जा' म्हणाला होता. कोणी, ते म्हणाला नव्हता. आमच्या कामात बगचं तिकीट उघडलं की ते आपोआप कुणाच्या तरी नावावर जातं, त्याला 'डिफॉल्ट असाइनी' म्हणतात. ते कुणीतरी कधीतरी सेट केलेलं असतं आणि मग कुणी बघत नाही. त्याला नुकतंच पाजलेलं होतं, म्हणजे भुकेची सबबही नव्हती. कडेची खुर्ची माझी होती. सिनेमाची हौस तिची होती. मी सोबत म्हणून गेलो होतो. तरी उरलेला सगळा सिनेमा मी पाहिला आणि ती बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत राहिली. दरवाजा उघडला की तिला गाण्याचा तुकडा ऐकू यायचा म्हणे. घरातून बाहेर पडून स्वतःसाठी चार दिवस काढणाऱ्या बायकांचा सिनेमा, त्याचा शेवट परतीच्या रस्त्यात मी तिला सांगितला. चांगला सांगितला असंही मला वाटलं होतं.

दोन महिन्यांनी मी तिला ताईसोबत तीनच्या शोला पाठवलं. (लिहिताना हे 'पाठवलं' खटकलं, पण तेव्हा मी असंच म्हणालो होतो.) पोरगं माझ्याकडे. तासभर खेळलं, अर्धा तास रडलं, मग माझ्या पोटावर झोपलं. ती साडेसहाला आली. विचारलं, कसा होता?

"चांगला होता," म्हणाली. चप्पल काढताना पुढे म्हणाली, "तीनदा फोन पाहिला, तुझा मेसेज आला का म्हणून. चौथ्यांदा काढला तर शेजारची बाई म्हणाली, ताई, उजेड येतो."